शाळेतल्या तंबाखूप्रतिबंध कार्यक्रमाची चाचणी घ्यायची, तर किती शाळा लागतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक संस्था मराठवाड्यातल्या एका तालुक्यात १० शाळांमध्ये सहावी-सातवीच्या मुलांसाठी तंबाखूप्रतिबंधाचा कार्यक्रम चालवते. वर्षाला बारा सत्रं असतात. निधी देणाऱ्यांनी आता ‘परिणाम सिद्ध करून दाखवा’ असं सांगितलंय. म्हणून शेजारच्या तालुक्यातल्या १० शाळा तुलनेसाठी घ्यायच्या आणि दोन्हीकडे मिळून १५०० मुलांकडून वर्षाच्या सुरुवातीला व शेवटी प्रश्नावली भरून घ्यायची, असा बेत आहे. विचारणा अशी की १५०० मुलं पुरतील का, आणि शेजारचा तालुका कंट्रोल, म्हणजे तुलनेचा गट, म्हणून चालेल का.

दोन प्रश्नांमागचा खरा प्रश्न एकच आहे: या अभ्यासात नमुना किती मोठा आहे? तुमच्या हिशेबाने तो १५०० आहे. माझ्या हिशेबाने तो २ आहे.

कार्यक्रम असलेला तालुका एक आणि नसलेला तालुका एक. वर्षाअखेरीस दोन्हींत फरक दिसला, तर तो कार्यक्रमामुळे पडला की मुळात तालुकेच वेगळे म्हणून पडला, हे सांगायला काही मार्ग उरत नाही. एका तालुक्यात साखर कारखाना आणि हायवेवरचे ढाबे आहेत, दुसऱ्यात कोरडवाहू शेती आहे. एका ठाण्याच्या पोलिसांनी शाळांजवळच्या टपऱ्या हटवल्या आणि दुसरीकडे कोणी फिरकलंही नाही. (शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने मनाई आहे, पण अंमलबजावणी गावागणिक बदलते.) मुलं पंधराशे घ्या की पंधरा हजार, तालुके दोनच राहतात. त्यामुळे शेजारचा तालुका कंट्रोल म्हणून चालणार नाही.

मग कंट्रोल सोडून द्यावा आणि आपल्याच शाळांत ‘आधी’ आणि ‘नंतर’ मोजावं, असं पुष्कळ जण म्हणतात. तंबाखूच्या बाबतीत हा मार्ग फार फसवा आहे. सहावीतलं मूल आठवीत जाईपर्यंत तंबाखू चाखून पाहण्याची शक्यता वयानेच वाढते. म्हणजे उत्तम कार्यक्रमातही ‘नंतर’चा आकडा ‘आधी’पेक्षा मोठा येऊ शकतो आणि तुम्ही चांगलं काम बंद करून बसाल. उलटही घडतं. २०१२ च्या जुलैमध्ये महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली. त्या वर्षी जूनमध्ये आणि पुढच्या मार्चमध्ये मोजणी करणाऱ्या कोणत्याही कार्यक्रमाला आपल्यामुळे काय झालं आणि बंदीमुळे काय झालं हे वेगळं काढता आलं नसतं. दिल्ली आणि चेन्नईतल्या ३२ शाळांत २००४ ते २००६ या काळात ‘मैत्री’ नावाच्या कार्यक्रमाची चाचणी झाली होती. त्यात दोन वर्षांत तुलनेच्या शाळांमधला तंबाखूचा वापर ६८ टक्क्यांनी वाढला आणि कार्यक्रमाच्या शाळांमध्ये १७ टक्क्यांनी घटला. यातला पहिला आकडा जास्त मोलाचा आहे. तो नसता, तर ‘१७ टक्के घट’ हे यश किती मोठं, याचा अंदाजच आला नसता.

आता शाळांच्या संख्येकडे येऊ. तुमचा कार्यक्रम वर्गाला मिळतो, एकेका मुलाला नाही. गट निःपक्ष पडावेत म्हणून चिठ्ठ्या टाकायच्या, आणि त्या शाळांच्या टाकाव्या लागतात: ही शाळा कार्यक्रमात, ती शाळा तुलनेत. याला क्लस्टर, म्हणजे समूहांची, चाचणी म्हणतात. अडचण अशी की एका शाळेतली मुलं एकमेकांसारखी असतात. ती एकाच टपरीवरून मावा घेतात, मधल्या सुट्टीत एकच पुडी पाच जणांत फिरते, आणि वर्गशिक्षक स्वतः तंबाखू मळत असतील तर ते सगळेच पाहतात. म्हणून एका वर्गातल्या पाच मुलांची पाच उत्तरं म्हणजे पाच स्वतंत्र पुरावे नसतात. हे साम्य मोजायचा आकडा म्हणजे इंट्राक्लास कोरिलेशन, आपण त्याला आयसीसी म्हणू. शाळकरी मुलांच्या तंबाखूवापरात तो साधारण ०.०१ ते ०.०५ च्या दरम्यान सापडतो. दिसायला क्षुल्लक, पण सगळा हिशेब तोच उलटवतो.

हिशेब मांडून दाखवतो. समजा, तुलनेच्या शाळांत ‘गेल्या ३० दिवसांत कोणत्याही स्वरूपात तंबाखू घेतली’ असं सांगणारी मुलं १० टक्के निघतील आणि कार्यक्रमामुळे ती ६ टक्क्यांवर यावीत अशी अपेक्षा आहे. एकेका मुलाची चिठ्ठी टाकता आली असती, तर नेहमीच्या ८० टक्के पॉवर (खरा फरक पकडला जाण्याची शक्यता) आणि ५ टक्के सिग्निफिकन्सला (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) प्रत्येक गटात सुमारे ७१८ मुलं पुरली असती. तुमच्याकडे गटात ७५० आहेत, म्हणजे वरवर सगळं जमलेलं दिसतं. पण क्लस्टरमुळे हा आकडा ‘१ + (दर शाळेतली मुलं − १) × आयसीसी’ इतक्या पटीने वाढतो. यालाच डिझाइन इफेक्ट म्हणतात. तुमच्या दर शाळेत ७५ मुलं आहेत, त्यातली शेवटच्या मोजणीला ६० सापडली असं धरू आणि आयसीसी ०.०२ धरू. १ + ५९ × ०.०२ म्हणजे २.१८. गटातली ६०० मुलं २.१८ ने भागली की २७५ उरतात. हीच तुमच्या नमुन्याची खरी ताकद, आणि तीही तालुक्यांची तुलना सोडून २० शाळांत नीट चिठ्ठ्या टाकल्या तरच. २७५ मुलांत १० टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर येण्याइतकी मोठी घटच जेमतेम पकडता येते. शाळेतल्या बारा सत्रांनी तंबाखू ६० टक्क्यांनी कमी होईल, असं मी तरी प्रस्तावात लिहिणार नाही.

अशा वेळी सुचणारा पहिला उपाय म्हणजे प्रत्येक शाळेतली जास्त मुलं घेणं. तो इथे उपयोगी पडत नाही. प्रत्येक शाळेत १००० मुलं असली, तरी डिझाइन इफेक्ट २०.९८ होतो आणि गटातल्या १०,००० मुलांची ताकद ४७७ मुलांएवढीच राहते. ७१८ कधीच गाठता येत नाहीत. सोपा आडाखा असा: वैयक्तिक हिशेबातला आकडा गुणिले आयसीसी, म्हणजे ७१८ × ०.०२ = १४.४. एका गटात किमान १५ शाळा नसतील, तर मुलं कितीही वाढवा, चाचणीला पुरेशी ताकद येऊच शकत नाही. मुलं कमी आणि शाळा जास्त, असाच सौदा करावा लागतो. दर शाळेत शेवटी ४० मुलं मिळाली तर डिझाइन इफेक्ट १.७८, गटाला १२७८ मुलं, म्हणजे ३२ शाळा. क्लस्टरच्या हिशेबात एक शाळा वाढीव धरतात, म्हणून ३३. त्यातही शाळांचा पट सारखा नसतो. एका शाळेत सहावीची मुलं १८, दुसरीत तीन तुकड्या. पटातली ही तफावत सरासरीच्या निम्मी धरली, तर डिझाइन इफेक्ट १.९८ होतो आणि शाळा ३७ होतात. एखादी शाळा मध्येच बाहेर पडेल म्हणून ३८. दोन्ही गट मिळून ७६ शाळा, दर शाळेत सुरुवातीला सुमारे ५० मुलं. मोठ्या शाळेत एकच तुकडी चिठ्ठीने निवडली, तर पटातली तफावत कमी होते आणि दोन-चार शाळा वाचतात.

हे आकडे तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे स्पष्ट सांगायला हवं. मूळ प्रमाण १० टक्क्यांऐवजी ५ असेल तर शाळा बऱ्याच वाढतील. आयसीसी ०.०५ निघाला तर पट समान धरूनही गटाला ५४ शाळा लागतील. म्हणून आधी १०-१२ शाळांत एकदा नुसती मोजणी करून मूळ प्रमाण आणि आयसीसीचा अंदाज घ्यावा. इतक्या कमी शाळांतून येणारा आयसीसी डळमळीत असतो, त्यामुळे तो प्रकाशित अभ्यासांशी ताडून पाहावा आणि हिशेब दोन-तीन आयसीसी धरून मांडावा.

क्लस्टर चाचणी आपल्याकडे नवी नाही. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. १,३१,७४६ स्त्रिया होत्या, पण वाटप झालं ते ५२ क्लस्टरचं, चार गटांत प्रत्येकी १३. एचपीव्ही (हा कर्करोग घडवणारा विषाणू) तपासणीच्या गटात कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, आणि हा निष्कर्ष टिकला तो त्या ५२ मुळे.

वाटप कसं करावं. आधी सगळ्या ७६ मुख्याध्यापकांची लेखी संमती, मग सर्व शाळांत सुरुवातीची मोजणी, आणि त्यानंतरच चिठ्ठ्या. हा क्रम मोडू नका. कोणत्या शाळेला काय मिळणार हे आधी कळलं, की तुलनेतल्या शाळा मोजणीला टाळाटाळ करतात आणि कार्यक्रमातले शिक्षक मुलांना उत्तरं ‘समजावून’ ठेवतात. शाळांचे थर आधी पाडून घ्या: जिल्हा परिषदेची की खाजगी अनुदानित, तालुका, पट मोठा की लहान. प्रत्येक थरात वेगळ्या चिठ्ठ्या टाका. संगणकाने वाटप करणं तांत्रिकदृष्ट्या सोपं, पण पंचायत समितीच्या सभागृहात गटशिक्षणाधिकारी आणि मुख्याध्यापकांसमोर डब्यातून चिठ्ठ्या काढणं मला अधिक योग्य वाटतं. ‘आमच्याच शाळेला का वगळलं’ ही तक्रार तिथेच संपते. काढलेली प्रत्येक चिठ्ठी यादीवर लिहून उपस्थितांच्या सह्या घ्या. तुलनेतल्या शाळांना शेवटची मोजणी झाल्यावर कार्यक्रम द्यायचं वचन द्या आणि ते पाळा. दरम्यान त्यांना जे सरकारी उपक्रम नेहमीप्रमाणे मिळतात, उदाहरणार्थ तंबाखूमुक्त शाळेचे निकष, ते थांबवायचे नाहीत, मात्र कुठे काय चाललंय याची नोंद दोन्ही गटांत सारखीच ठेवायची.

एक धोका बाहेरून आलेल्या सल्लागारांच्या लक्षात येत नाही. जिल्हा परिषदेच्या एका केंद्रातल्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटातल्या, शाळांचे शिक्षक दर महिन्याला शिक्षण परिषदेत एकत्र बसतात. सत्रं शिक्षक घेणार असतील, तर कार्यक्रमातला शिक्षक तिथे आपले तक्ते दाखवणारच, शेजारचा शिक्षक त्यांचे फोटो घेणारच, आणि मग तुलनेच्या शाळेत अर्धा कार्यक्रम पोचतो. त्यात उन्हाळ्यातल्या बदल्या. प्रशिक्षण घेतलेला शिक्षक जूनमध्ये तुलनेच्या शाळेत रुजू होऊ शकतो. शिक्षकांमार्फतच कार्यक्रम द्यायचा असेल, तर चिठ्ठी शाळेऐवजी पूर्ण केंद्राची टाकावी. मग केंद्रं मोजायची आणि वरचा हिशेब नव्याने करायचा. संस्थेचे स्वतःचे कार्यकर्ते सत्रं घेणार असतील, तर शाळेची चिठ्ठी चालते. फक्त दोन्ही गटांतल्या शाळा एकाच गावातल्या नसाव्यात.

सत्रं कोण घेतं याचा परिणामावरही मोठा फरक पडतो. गोव्याच्या ‘संगथ’ संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ७४ माध्यमिक शाळांत ‘सेहेर’ या शालेय आरोग्य कार्यक्रमाची चाचणी केली. एका गटात तो प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांनी राबवला, दुसऱ्यात शाळेच्याच शिक्षकांनी. समुपदेशकांच्या गटात शाळेचं वातावरण स्पष्ट सुधारलं, शिक्षकांच्या गटात परिणाम दिसला नाही. कार्यक्रम एकच, फळ वेगळं. म्हणून तुमच्या आराखड्यात ‘सत्रं झाली का’ याची मोजणी स्वतंत्र हवी. शिक्षकाने भरलेल्या नोंदवहीवर विसंबू नका. दहातल्या एक-दोन सत्रांना न कळवता निरीक्षक जावा, आणि सत्र किती मिनिटं चाललं, मुलं स्वतः किती बोलली, सराव झाला की नुसतं व्याख्यान, एवढं नोंदवावं. अखेरीस परिणाम शून्य आला, तर कार्यक्रम निकामी होता की तो पोचलाच नाही, हे याच नोंदी सांगतात.

आता मोजमाप. तंबाखूच्या बहुतेक चाचण्या इथेच गळतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. बाहेरची प्रश्नावली भाषांतर करून वापरू नका. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. त्यात धूम्रपान करणारे ३.८ टक्के, धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के. फक्त सिगारेट-बिडी विचाराल तर प्रश्नच हुकला. ‘तुम्ही तंबाखू घेता का?’ असं विचारूनही भागत नाही. रोज सकाळी आजीच्या डबीतली मिश्री दातांना लावणारी मुलगी ‘नाही’ म्हणेल आणि खोटं बोलत नसेल, कारण तिच्या लेखी मिश्री म्हणजे दंतमंजन. प्रत्येक पदार्थ त्या भागातल्या नावाने वेगळा विचारावा लागतो: मिश्री, मावा, विदर्भात खर्रा, गुटखा, चुन्याची तंबाखू, तपकीर, बिडी, सिगारेट. सुपारी आणि पानमसाला वेगळ्या ओळीत. प्रत्येकापुढे दोनच प्रश्न: कधी घेतलंय का, आणि गेल्या ३० दिवसांत किती दिवस. मुख्य निष्पत्ती, म्हणजे ज्यावरून यश ठरवायचं ती गोष्ट, एकच ठरवा. मी ‘गेल्या ३० दिवसांत तंबाखूचा कोणताही पदार्थ’ हीच घेईन. ज्ञान आणि दृष्टिकोन यांचे गुण दुय्यम. ते जवळपास प्रत्येक कार्यक्रमात वाढतात आणि वागणुकीबद्दल फार कमी सांगतात.

मोजणीच्या दिवशी वर्गात शिक्षक नको, दारातही नको. मुलं एकाआड एक बसवा. सहावीतल्या कित्येकांना सलग वाचता येत नाही, त्यामुळे बाहेरून आलेल्या व्यक्तीने प्रश्न मोठ्याने वाचावा आणि मुलांनी फक्त खूण करावी. एक प्रश्न, थांबा, सगळ्यांच्या खुणा झाल्या की पुढचा. ‘हो’ म्हणणाऱ्याला जास्त प्रश्न आणि ‘नाही’ म्हणणाऱ्याला कमी, अशी रचना टाळा. शेजारच्याचं पेन अजून चालतंय हे मुलांना बरोबर कळतं. सगळ्यांना सारख्याच ओळी भराव्या लागाव्यात. कागदावर नाव नको, फक्त कोड. कोड आणि नावांची यादी शाळेबाहेर, वेगळ्या कुलुपात. वाचणाऱ्याला ही शाळा कोणत्या गटातली ते माहीत नसावं आणि भिंतीवर कार्यक्रमाचे तक्ते असतील तर मोजणी दुसऱ्या खोलीत घ्यावी. भरलेला कागद मुलाने स्वतः घडी घालून बंद पेटीत टाकावा. कार्यकर्त्याने हातात घेऊन चाळला, की पुढच्या रांगेतली उत्तरं बदलतात.

तरीही एक खोल अडचण उरते. तुमचा कार्यक्रम वर्षभर मुलांना सांगतो की तंबाखू वाईट. वर्षाअखेरीस कार्यक्रमातलं मूल तंबाखू घेत असूनही ‘नाही’ म्हणण्याची शक्यता तुलनेतल्या मुलापेक्षा जास्त असते. म्हणजे लपवणं वाढलं, तरी कागदावर ते व्यसन घटल्यासारखं दिसतं. दोन्ही गटांत लपवणं समान असेल तर तुलना बरीचशी तगते. ते असमान असेल तर निष्कर्षच खोटा ठरतो. यावर दोन उपाय करावेत. पहिला, दोन्ही गटांतल्या काही मुलांच्या लाळेत कोटिनिन (निकोटिनपासून शरीरात तयार होणारा पदार्थ) तपासणं. शरीरात ते साधारण १६ ते २० तासांत निम्मं होतं, त्यामुळे गेल्या दोन-तीन दिवसांतला वापर कळतो, महिन्यातून एकदा मावा खाणारा निसटतो. एकेका मुलाला ‘पकडण्या’साठी ही तपासणी नाहीच. ‘नाही’ म्हणणाऱ्यांत कोटिनिन सापडण्याचं प्रमाण दोन्ही गटांत सारखं आहे का, एवढंच तिच्यातून पाहायचं. शिवाय लाळ घेणार हे आधी सांगितलं, की उत्तरं अधिक खरी येतात, म्हणून नमुना दोन्ही गटांत एकाच पद्धतीने घ्यायचा. दुसरा उपाय फुकट आहे. सुरुवातीला ‘कधीतरी घेतलीय’ म्हणणारी किती मुलं शेवटी ‘कधीच नाही’ म्हणतात, ते गटवार मोजा. कार्यक्रमाच्या गटात हे माघार घेणं ठळकपणे जास्त असेल, तर सावध व्हा.

वेळापत्रकाचं पाहू. मराठवाड्यातला प्रश्न आहे म्हणून मुद्दाम सांगतो: जानेवारी-फेब्रुवारीत शेवटची मोजणी ठेवू नका. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुलं ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून गाळप संपेपर्यंत शाळेत नसतात, आणि फडावर मोठ्यांच्या बरोबरीने राहणारी हीच मुलं तंबाखूच्या जास्त जवळ असतात. ती गळाली की दोन्ही गटांतलं प्रमाण खोटं खाली येतं. सुरुवातीची मोजणी जुलै-ऑगस्टमध्ये आणि पुढची पुढल्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्येच ठेवा. त्याने ऋतूचा फरकही निघून जातो. सातवीनंतर बरीच मुलं दाखला काढून दुसऱ्या गावच्या हायस्कूलला जातात. त्यांना तिथे गाठा, पण विश्लेषणात ती मूळ शाळेच्या नावावरच राहतात. कार्यक्रमाच्या शाळेतलं मूल एकाही सत्राला बसलं नसलं, तरी ते कार्यक्रमाच्याच गटात मोजायचं. एका वर्षाची मोजणी प्रतिबंधाला अपुरी असते, किमान दोन वर्षांची तरतूद करा. कार्यक्रम टप्प्याटप्प्याने सगळ्याच शाळांना देऊन प्रत्येक टप्प्याला मोजणी करण्याची रचना हल्ली पुष्कळांना आवडते. इथे ती मी टाळेन. त्याच मुलांना पुन्हा पुन्हा मोजलं, तर प्रत्येक टप्प्याला ती मोठी झालेली असतात आणि वयाचा परिणाम कार्यक्रमाच्या परिणामात मिसळतो.

परवानग्यांबद्दल थोडक्यात. मुख्याध्यापकांची परवानगी म्हणजे संमती नव्हे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांची संमती लागते आणि मुलाचीही सहमती लागते, सात ते बारा वर्षांपर्यंत तोंडी, त्यानंतर लेखी. सहावी-सातवीत दोन्ही वयांची मुलं असतात, म्हणून सरसकट लेखीच घ्या. संमतीचा कागद दप्तरातून घरी पाठवला की निम्मे परत येत नाहीत, आणि न येणारे नेमके जास्त जोखमीच्या घरांतले असतात. पालकसभेत किंवा घरी जाऊन संमती घेण्याचा खर्च आधीच धरा. नैतिकता समितीची मंजुरी आणि सीटीआरआयवर (चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत) नोंदणी पहिलं मूल दाखल होण्याआधी व्हायला हवी. १ एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून नोंदणी होत नाही. नोंदणीला पैसे पडत नाहीत. तिथे मुख्य निष्पत्ती लिहिली, की नंतर सोयीची निवडता येत नाही, आणि ते चांगलंच आहे.

विश्लेषणासाठी एक साधा मार्ग सांगतो, तो संस्थेच्या विश्वस्तांनाही कळतो. प्रत्येक शाळेचं शेवटचं प्रमाण काढा. ७६ शाळांचे ७६ आकडे, ३८ विरुद्ध ३८. त्यांची टी चाचणी (दोन सरासऱ्यांची तुलना) करा. मुलांच्या पातळीवरचं मिक्स्ड मॉडेल (मूल आणि शाळा दोन्ही धरणारं गणित) करता येतं, त्यात सुरुवातीचं प्रमाण धरल्याने नेमकेपणाही वाढतो, पण त्यात शाळेचा घटक असलाच पाहिजे. शाळा एकूण ४० पेक्षा कमी असतील तर लहान नमुन्याची दुरुस्तीही लागते. कोणी तुम्हाला ३००० मुलांची, शाळा न धरता, सरळ काय-स्क्वेअर चाचणी करून ‘फरक सिग्निफिकंट’ असं दिलं, तर तो अहवाल परत करा.

निकाल शून्य येण्याची भीती निधी देणाऱ्यांनाही असते आणि संस्थेलाही. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात १९८४ पासून ४० शालेय जिल्ह्यांत ८,३८८ मुलांवर धूम्रपान प्रतिबंधाची एक चाचणी झाली. कार्यक्रम तिसरीपासून बारावीपर्यंत चालला, शेवटी ९४ टक्के मुलं सापडली, आणि दोन्ही गटांत धूम्रपान जवळपास सारखंच निघालं. काम इतकं चोख होतं, म्हणूनच त्या शून्यावर विश्वास ठेवता आला. प्रतिबंध नेहमी निरुपद्रवी असतो, हेही खरं नाही. बॉस्टनजवळ केंब्रिज-समरव्हिलमध्ये १९३९ पासून ५०६ मुलग्यांवर गुन्हेगारी टाळण्याच्या मार्गदर्शनाचा अभ्यास झाला. तीस वर्षांनी पाहिलं, तर मदत मिळालेल्या गटाची स्थिती काही बाबतींत जास्त वाईट होती. म्हणून तुमच्या आराखड्यात अपायही मोजा: तंबाखू घेणाऱ्या मुलांना वर्गात चिडवलं जातंय का, शाळा सोडणं वाढलं का, पुड्यांचे नमुने दाखवल्याने कुतूहल वाढलं का.

आता तुमच्या हातात १० शाळा आहेत आणि लागतात ७६. निधी देणाऱ्यांना मी असं लिहीन: या वर्षी परिणामाची चाचणी करणार नाही, तिची तयारी करू. या १० शाळा आणि शेजारच्या काही शाळांत प्रश्नावली घासूनपुसून घेऊ, मूळ प्रमाण आणि आयसीसीचा अंदाज घेऊ. पुढे जायचं की नाही याच्या अटी आजच ठरवू. बारापैकी किमान दहा सत्रं प्रत्यक्ष झाली, ८० टक्के पालकांची संमती मिळाली, वर्षाने ८० टक्के मुलं पुन्हा सापडली, तरच पुढची चाचणी. ती दोन-तीन संस्थांनी मिळून, एकच कार्यक्रम आणि एकच प्रश्नावली घेऊन, तीन-चार तालुक्यांत करू. या वर्षाच्या आकड्यांतून ‘आमच्या कार्यक्रमाने तंबाखू इतकी कमी झाली’ असं वाक्य कुठेही लिहू नका, वार्षिक अहवालातही नाही. दहा शाळांतून तसं काही ठरत नाही.

आणि मोजणी सुरू करण्याआधी एक गोष्ट पक्की करा. कागदावर ‘रोज घेतो’ अशी खूण करणारी मुलं निघतीलच. त्यांची नावं शाळेला किंवा घरी सांगायची नाहीत, तसा शब्द तुम्ही दिलेला असतो. पण त्यांना वाऱ्यावरही सोडायचं नाही. दोन्ही गटांतल्या प्रत्येक मुलाच्या हातात, तंबाखू घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या सगळ्यांच्या, सारखीच एक चिठ्ठी द्या. तिच्यावर तंबाखू सोडण्यासाठीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक असू द्या, १८००-११२-३५६, आणि जवळच्या सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशनाचा वार व वेळ. चिठ्ठी सगळ्यांनाच मिळाली, की कोणाच्या हातात ती का आहे, असं कोणी विचारत नाही.